वळणदार वीटभिंत होलोग्राम बघून बांधता येते का?

प्रश्न थोडक्यात असा: सुमारे १२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत उघड्या वीटकामात बांधायची आहे. ती आडवीही वळते आणि वर जाताना कुठे आत, कुठे बाहेर झुकते. प्रत्येक मीटरला वेगळा लाकडी फर्मा करणं परवडत नाही. मिक्स्ड रिॲलिटीचा चष्मा घालून, हवेत दिसणाऱ्या मॉडेलवर, म्हणजे होलोग्रामवर, वीट ठेवत गवंड्यांनी ती बांधावी का? अचूकता किती मिळेल आणि फसतं कुठे?

बांधता येते. पण त्याआधी भिंतीचा पृष्ठभाग नीट बघा. त्यावरच्या प्रत्येक बिंदूतून एक सरळ रेषा जमिनीपासून माथ्यापर्यंत जात असेल, तर चष्मा विसरा. उरुग्वेतल्या अटलांटिडा इथलं, एलादियो दिएस्ते या अभियंत्याचं चर्च याचं उत्तम उदाहरण आहे. तिथल्या भिंती पायाशी सरळ रेषेत सुरू होतात आणि माथ्याशी लाटेसारख्या वळतात. दिसायला अवघड प्रकरण, पण खालच्या रेषेपासून वरच्या लाटेपर्यंत ताणलेल्या दोऱ्या हाच त्यांचा फर्मा. तुमचा आकार असा बसवता आला तर चार खांब, वर लाटेची एक कापलेली पट्टी आणि सुतळीचं बंडल एवढ्यावर काम होतं. दोरीची बॅटरी संपत नाही. दोरीने सांगता न येणारा आकार असेल, म्हणजे भिंत दोन्ही दिशांनी फुगत असेल किंवा प्रत्येक वीट वेगळ्या कोनात फिरवायची असेल, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. हा चष्मा म्हणजे वजन नसलेला फर्मा आहे, मोजमापाचं साधन नाही. वीट कुठे असायला हवी ते तो दाखवतो. ती प्रत्यक्षात कुठे बसली, याचा त्याला पत्ता नसतो. ग्रीसमधल्या किट्रव्हस वायनरीच्या दर्शनी भिंतींसाठी ईटीएच झुरिच या स्विस विद्यापीठातल्या ग्रामाझिओ-कोहलर संशोधन गटाने नेमका इथेच वेगळा रस्ता घेतला होता. सुमारे २२५ चौरस मीटर भिंत, १३,५९६ विटा आणि प्रत्येकीचा कोन वेगळा. तिथे कॅमेरा विटेच्या कडा ओळखून तिची खरी जागा शोधायचा आणि पडद्यावर गवंड्याला ‘अजून इतकी सरकव’ असं दाखवायचा. म्हणजे ती मोजणारी यंत्रणा होती. उलट टास्मानियातल्या रॉयल होबार्ट हॉस्पिटलच्या वळणदार वीटभिंती मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स चष्मा आणि त्यात मॉडेल दाखवणारी फोलोग्राम ही प्रणाली वापरून बांधल्या गेल्या. तिथे होलोग्रामच्या रेषेवर वीट बसवणारी नजर गवंड्याचीच होती. तुमच्या हाती येणारी पद्धत ही दुसरी, त्यामुळे मोजण्याचं काम वेगळं उभं करावं लागेल.

तिसरं उदाहरण वीटकामाचं नाही, तरी उपयोगाचं आहे. एस्टोनियातल्या टॅलिन शहरात २०१९ मध्ये भरलेल्या आर्किटेक्चर बिएनाले या वास्तुकला प्रदर्शनात ‘स्टीमपंक’ नावाचा मंडप उभा राहिला. वाफेवर मऊ केलेल्या ॲश लाकडाच्या पट्ट्या होलोग्रामशी जुळवत हाताने वाकवलेल्या. वाकवलेलं लाकूड थोडं उलटं उघडतंच, दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या येत नाहीत, आणि रचनेने ते गृहीत धरलेलं होतं. तुमची रचना काही मिलिमीटरची चूक पोटात घेत नसेल तर या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. वीटकामाला ही सोय सांध्यात आयती मिळते. काच किंवा स्टीलच्या जोडणीला मिळत नाही.

चूक येते कुठून

होलोलेन्स २ सारखं यंत्र आजूबाजूच्या वस्तूंच्या कडा-कोपऱ्यांवरून स्वतःची जागा ओळखतं. ज्या बिंदूला मॉडेल बांधून ठेवलं असेल त्यापासून साधारण ३ मीटरच्या आत होलोग्राम स्थिर राहतो. त्यापलीकडे तो हलू लागतो. म्हणून १२ मीटरच्या भिंतीच्या एका टोकाला एकच क्यूआर खूण लावून दुसऱ्या टोकाला विटा लावणं हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात महागात पडणारा घोळ आहे. गणित सोपं आहे. खुणेचा कोन वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली तर २ मीटरवर १७ मिमी फरक पडतो, आणि १० मीटरवर ८७ मिमी. खुणेची जागा बरोबर वाचली जाते, दगा कोन देतो.

दुसरी चूक डोळ्यांची. गवंडी ५०-६० सेंटीमीटरवर काम करतो. चष्म्याची भिंगं मात्र साधारण २ मीटरवरच्या प्रतिमेसाठी बसवलेली असतात. आरामात बघता येतं ते सव्वा मीटरच्या पुढचं. हाताच्या अंतरावर डोळे वळतात एका अंतरासाठी आणि केंद्रित होतात दुसऱ्यासाठी. तासाभरात डोकं जड होतं आणि जवळ-दूरचा अंदाज बिघडतो. त्यात डोळ्यांतलं अंतर चुकीचं नोंदलेलं असेल तर होलोग्राम खऱ्या जागेच्या पुढे किंवा मागे दिसतो. चष्मा एका गवंड्याच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेला की डोळ्यांची जुळणी पुन्हा करायलाच हवी. मिनिटभराचं काम आहे, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

यातून कामाची एक सवय निघते. नजरेला आडव्या दिशेतली चूक कमी असते आणि नजरेच्या दिशेतली जास्त. म्हणून विटेची आडवी जागा वरून खाली बघत ठरवावी. समोरून बघून विटेची आत-बाहेर जागा ठरवली की भिंतीला पोट येतं. आणि उंची होलोग्रामवरून ठरवूच नये. ३० रद्द्यांत, म्हणजे विटांच्या थरांत, रद्द्यामागे १ मिमी चुकला तरी माथ्याला ३० मिमी होतात. उंचीसाठी दोन्ही टोकांना आणि मध्ये १०० मिमीच्या खुणा केलेल्या गेज पट्ट्या उभ्या करा, त्या पाणसळ नळीने किंवा लेव्हल यंत्राने जुळवा आणि रद्दा त्यावरच चढवा. आडवी जागा चष्म्याने आणि उंची पट्टीने, एवढी वाटणी पाळली तरी निम्मी डोकेदुखी जाते.

मापाचा सांगाडा आधी

कामाच्या जागी किमान चार पक्के बिंदू टोटल स्टेशनने (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) घ्या आणि काँक्रीटमध्ये खिळे ठोकून खुणा करा. मग भिंतीच्या लांबीवर दर ३ मीटरला एक, म्हणजे तुमच्या भिंतीला पाच क्यूआर खुणा. त्या रोवलेल्या लोखंडी खांबांवर किंवा आधीच्या आरसीसी कॉलमवर लावा. परांचीवर नको, ती हलते. बांधत असलेल्या भिंतीवर तर नकोच. खूण १५ ते २० सेंटीमीटरची, सपाट एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट) पत्र्यावर चिकटवलेली आणि मॅट कागदावर छापलेली असावी. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडलं की कॅमेऱ्याला काहीच वाचता येत नाही. छापल्यावर स्टीलच्या पट्टीने माप घ्या. प्रिंटर ‘पानात बसवा’ या पर्यायावर राहिला की २० सेंटीमीटरची खूण साडेएकोणीसची होते आणि तिचं अंतर चुकीचं वाचलं जातं.

खुणा लावून झाल्यावर प्रत्येकीचं केंद्र टोटल स्टेशनने मोजा, आणि मॉडेलमध्ये ही मोजलेली जागा टाका. आराखड्यात ठरवलेली जागा टाकाल तर खांब रोवणाऱ्याची चूक तुमच्या भिंतीत उतरेल. दिशा एका खुणेवरून घेण्याऐवजी दूरच्या दोन बिंदूंवरून काढता आली तर उत्तम. १२ मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक ५ मिमीने चुकला तरी कोन ०.०२ अंशाच्या आसपासच बिघडतो.

तपासणीचे खिळे वेगळे ठेवा. भिंतीच्या पायाशी तीन-चार खिळे, ज्यांवर मॉडेलमध्ये फुली काढलेली असेल. सकाळी चष्मा घातला, खूण वाचली, की आधी या फुल्या खिळ्यांच्या डोक्यावर बसतात का ते दोन बाजूंनी बघायचं. ५ मिमीच्या बाहेर असेल तर काम सुरू करायचं नाही. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा तेच.

मॉडेल हलकं, रेषा कमी

फोलोग्राम राइनो या त्रिमिती मॉडेलच्या सॉफ्टवेअरसोबत आणि त्यातल्या ग्रासहॉपरसोबत चालतं आणि लॅपटॉप व चष्मा एकाच वायफायवर लागतात. कामावर छोटा राउटर लावा. मोबाइलचा हॉटस्पॉट खिशात फिरतो आणि त्याबरोबर जोडणीही तुटते. मॉडेल मिलिमीटरमध्ये असावं आणि त्याचं आरंभस्थान, म्हणजे शून्यबिंदू, भिंतीजवळच असावं. सर्व्हेचे लाखांतले आकडे तसेच ठेवले की रेषा थरथरतात.

पूर्ण भिंतीचं घन मॉडेल दाखवू नका. असे चष्मे प्रकाश मिळवूनच चित्र दाखवतात, त्यामुळे काळा रंग दिसतच नाही आणि होलोग्राम खऱ्या विटेच्या मागे असायला हवा तेव्हाही तिच्यावरच उमटतो. वीट पुढे आली की मागे गेली हे मग कळत नाही. चालू रद्द्यातल्या विटांच्या फक्त वरच्या चार कडा, बारीक रेषेत. लाल विटेवर निळसर हिरवा किंवा पांढरा रंग उठून दिसतो. खालचा आणि वरचा रद्दा अगदी फिका, सांधमोड (उभे सांधे एकावर एक येत नाहीत ना, ते) कळण्यापुरता. बाकी सगळं बंद.

एक भर मात्र जरूर घाला: प्रत्येक विटेवर खालच्या रद्द्यापासून ती किती बाहेर किंवा आत आहे त्याचा आकडा, मिमीमध्ये. ‘+१८’ दिसलं की गवंडी खिशातली छोटी पट्टी लावून बघतो. ही तपासणी होलोग्रामवर अवलंबून नाही, म्हणून तिची किंमत मोठी. चष्मा सरकला असेल तर सगळ्यात आधी इथेच उघडं पडतं. फक्त सलग पाच-सात विटांचे आकडे एकाच दिशेने चुकले तर वीट सरकवण्याऐवजी हात थांबवून खूण पुन्हा वाचावी.

आकार ठरवताना दोन मर्यादा पाळा. भिंत ओळंब्यापासून १५ अंश झुकली तर १०० मिमीच्या रद्द्यामागे साधारण २७ मिमी बाहेर पडते. यापुढे ओला मसाला विटेचा भार धरत नाही, ती पुढे झुकते. २५ मिमीच्या आत राहणं बरं. अखंड भिंतीचा तोल, मधल्या सळया आणि तात्पुरते टेकू हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा प्रांत आहे, तो होलोग्रामच्या भरवशावर सोडू नका. दुसरी मर्यादा फिरवलेल्या विटांची. १९० मिमीच्या विटेत १ अंशाने एका टोकाला जेमतेम ३ मिमी फरक पडतो. तो चष्म्यातून बसवताही येत नाही आणि लांबून दिसतही नाही. शेजारच्या विटांमधला फरक किमान ३ अंशांचा ठेवा, नाहीतर नक्षी म्हणून केलेलं काम कच्चं वीटकाम वाटेल.

विटेचंच माप

मॉडेलमधल्या विटा सगळ्या सारख्या, ट्रकमधून उतरलेल्या तशा नसतात. विटांच्या आयएस १०७७ या भारतीय मानकाप्रमाणे १९० मिमीच्या २० विटा ओळीत लावल्या तर लांबी ३७२० ते ३८८० मिमीमध्ये कुठेही चालते. म्हणजे विटेमागे सरासरी ४ मिमीची सूट. ६० विटांच्या रद्द्यात ही सूट एकाच दिशेने गेली तर जवळजवळ २४० मिमी होतात, एका विटेहून जास्त. आणि गवंडी होलोग्रामच्या कडेला वीट जुळवताना एक कड जुळवतो, दुसरी बाहेर राहते. मग पुढची वीट सरकते आणि उभा सांधा कुठे ४ मिमी, कुठे १६.

उपाय दोन. आलेल्या मालातून विटा मापाने तीन गटांत निवडा आणि एका रद्द्यात एकच गट लावा. २० विटा ओळीत मांडून सरासरी काढा आणि मॉडेलमध्ये तीच लांबी टाका. आणि गवंड्याला कडेऐवजी मध्य दाखवा: प्रत्येक विटेच्या मध्यावर छोटी आडवी रेघ, विटेवर पेन्सिलने मध्याची खूण, दोन्ही जुळवायच्या. कमीजास्त लांबी मग दोन्ही सांध्यांत वाटली जाते. सांधा १० मिमी धरा. ६ मिमीच्या सांध्याचा हट्ट धरलात तर ही सगळी सोय गेली.

रोजचं काम

सर्वांना चष्मा लागत नाही, आणि देऊही नये. एक खुणा करणारा, दोन गवंडी, दोन बिगारी आणि लॅपटॉपवर एक जण, ही चांगली टोळी. चष्मा घातलेला माणूस बसलेल्या रद्द्यावर पुढच्या रद्द्याच्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या विटेची जागा खुणावतो. वर मसाला पडणार असल्यामुळे खूण विटेच्या उभ्या अंगावर करायची आणि शेजारी बाहेर येण्याचा आकडा खडूने लिहायचा. गवंडी त्या विटा आधी बसवतो आणि मधल्या नजरेने भरतो. वळण तीव्र असेल तिथे प्रत्येक वीट खुणावावी लागते आणि वेग निम्म्यावर येतो. तो तसाच धरून चाला.

मसाला पसरताना होलोग्राम मध्ये येतो, म्हणून तो चालू-बंद करता आला पाहिजे. मसाल्याने भरलेल्या हाताचे इशारे चष्म्याला नीट कळत नाहीत. रद्दा बदलणं आणि रेषा लपवणं लॅपटॉपवाल्याकडेच द्या. एका दिवसात १ मीटरपेक्षा वर जाऊ नका. झुकणाऱ्या भागात अर्ध्या मीटरवर थांबा, कारण खालचा मसाला ओला असताना भिंत सावकाश सरते आणि सकाळी बरोबर असलेलं संध्याकाळी नसतं.

दर पाच रद्द्यांनी सात-आठ ठिकाणी टोटल स्टेशनने, नाहीतर पायाच्या रेषेपासून ओळंबा आणि टेपने, भिंतीची खरी जागा मोजा. ८ मिमी फरक निघाला तर पुढच्याच रद्द्यात एकदम भरून काढायचा नाही, उन्हात ती पायरी स्पष्ट दिसते. पुढच्या चार रद्द्यांत २-२ मिमी वाटून द्या आणि तसं मॉडेलच बदला. गवंड्याला तोंडी ‘जरा आत घे’ सांगितलं की होलोग्राम एक सांगतो आणि साहेब दुसरंच, आणि तो दोन्ही सोडून स्वतःच्या अंदाजाने जातो. त्याचा तरी काय दोष?

ऊन, जाळी आणि धूळ

उघड्या उन्हात होलोलेन्सची चित्रं फिकी पडून जवळजवळ नाहीशी होतात. अशा यंत्राला सोयीचा उजेड ५०० ते १००० लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप), आणि दुपारचं ऊन लाखाच्या घरात. त्यात होलोलेन्स २ साठी सांगितलेलं तापमान १० ते २७ अंश सेल्सिअस. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हा विषयच संपतो. पुण्यात किंवा नाशकातही मार्च-एप्रिलमध्ये सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळीच काम निघतं. सावलीसाठी हिरवी जाळी लावाल तर ती घट्ट ताणा. वाऱ्याने हलणारी जाळी चष्म्याला हलणारी भिंत वाटते आणि मॉडेल तिच्याबरोबर डुलतं. रात्री काम करायचं असेल तर स्थिर फ्लडलाइट लावा. बिगारी हातात धरून फिरवतो तो दिवा चालणार नाही.

भिंत रोज वाढते, परांची सरकते, विटांचा ढीग हलतो. चष्म्याच्या स्मरणात मात्र कालची जागा असते. मॉडेल अचानक दोन ठिकाणी उड्या मारू लागलं तर बहुतेक वेळा हेच कारण. सेटिंग्जमध्ये जाऊन जवळचे साठवलेले होलोग्राम काढून टाका, दोन मिनिटं जागेत फिरा आणि मग खूण वाचा. बॅटरी २ ते ३ तास चालते, कमरेला पॉवर बँक बांधा. भिंगावर सिमेंटची धूळ बसली तर कोरड्या फडक्याने घासू नका, चरे कायमचे राहतात.

यंत्र कोणतं, हा प्रश्न सध्या जरा अडचणीचा आहे. होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं आणि सुरक्षा-अपडेट २०२७ अखेरपर्यंतच मिळणार आहेत. एका भिंतीसाठी भाड्याने किंवा वापरलेला मिळाला तर हरकत नाही, पुढच्या दहा कामांचा बेत त्यावर आखू नका. मेटाच्या क्वेस्ट ३ सारखे स्वस्त चष्मे कॅमेऱ्यातून जग दाखवतात. त्यांत रेषा ठसठशीत दिसतात, पण जवळच्या वस्तू किंचित वाकड्या दिसतात. बॅटरी गेली की समोर पूर्ण अंधार होतो. त्यामुळे परांचीवर ते घालायचे नाहीत, जमिनीवर उभं राहून पहिल्या दहा-बारा रद्द्यांपुरतेच. हेल्मेट सगळीकडेच. साधा चष्मा हेल्मेटवर नीट बसत नाही, ट्रिम्बल कंपनीचा एक्सआर१० म्हणजे हेल्मेटात बसवलेला होलोलेन्स २. टॅबलेट स्टँडवर लावून खुणा करणं सगळ्यात सुरक्षित आणि वाटतं त्यापेक्षा उपयोगी आहे, फक्त जवळ-दूरचं अंतर डोळ्यांनी समजत नाही, म्हणून दोन बाजूंनी बघावं लागतं.

यंत्र विकत घेण्याआधी २ मीटर लांब आणि १ मीटर उंच नमुना भिंत बांधा. दहा रद्दे, शंभरएक विटा. भिंतीचा सगळ्यात अवघड तुकडा निवडा, सोपा निवडून स्वतःची समजूत काढू नका. दोन दिवसांनी ती मोजा. विटांच्या जागा ८ मिमीच्या आत आणि उभे सांधे ६ ते १४ मिमीमध्ये आले तर पुढे जा. चूक सगळीकडे एकाच बाजूला असेल तर खुणांची जागा किंवा डोळ्यांची जुळणी तपासा, विखुरलेली असेल तर विटा. आणि नमुना पाडू नका, तो कामाच्या जागी तसाच ठेवा. सांधा किती आणि दरज कशी भरायची, हे नव्याने आलेल्या गवंड्याला तिथेच दाखवता येतं.